साडेपाच ते सात

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा वेगळा आहे. फुटबॉलचा. "अगंबाई, खेळाचं पान चुकून आपल्या पुरवणीत आलं की काय?" असं म्हणून पान उलटू नका. मलाही ऑफसाइड म्हणजे काय ते अजून धड सांगता येत नाही. पण आपल्या देशाच्या मुलींचा संघ आशिया चषकात कुठवर जाईल, याचा आपल्या कुर्डुवाडीतल्या स्वयंपाकघराशी संबंध आहे, हे मला अलीकडे पटलंय. कसं, ते सांगते.

परवाची गोष्ट. संध्याकाळी शेजारची सूनबाई विरजण मागायला आली. वाटी हातात घेऊनही जाईना. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा की आमच्या पोरीला. माझं ऐकत नाही ती."

पोरगी सहावीतली. आईच्या मागं दाराला टेकून उभी होती. एका बुटाचा तळ निघालेला, गुडघ्याला माती. रोज साडेपाचला मैदानावर पळते आणि सातला घरी येते. पोरांबरोबर फुटबॉल खेळते. "पुढच्या वर्षी सातवी. आता मोठी व्हायला लागली. बास म्हणा की तिला. तुमच्या ताईला तुम्ही कसं वेळेवर थांबवलं!"

तिच्या मनात काही नव्हतं. उलट कौतुकच होतं. पण ते वाक्य मला असं काही लागलं की मी नुसतीच "बघू" म्हणाले आणि आत जाऊन गॅस बारीक केला. गॅसवर काहीच नव्हतं.

माझी लेक नववीत होती तेव्हाची गोष्ट आहे. १५ सप्टेंबर २०१७. तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल, त्या दिवशी महाराष्ट्रभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला होता. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात व्हायचा होता, त्याची ती हवा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तर त्या दिवशी लेकीच्या शाळेतही बॉल आले. मुलं खेळली, मुली खेळल्या, फोटो निघाले. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी बॉल विसरून टाकला. आमच्या बाईसाहेब मात्र विसरल्या नाहीत. आठ-नऊ मुली गोळा झाल्या. खेळाच्या सरांनीही हौसेनं शिकवायला घेतलं. रोज साडेपाच ते सात.

सहा महिने चाललं. लेक घरी यायची ती घामाघूम, आल्या आल्या दोन भाकरी खायची आणि आडवी व्हायची. तिच्या बाबांना कौतुक. ते वर्कशॉपमधून सुटले की येताना मैदानाच्या कडेला सायकल टेकवून दहा मिनिटं बघत उभे राहायचे. मला मात्र धाकधूक. गल्लीत एक-दोघींनी विचारलं, "वहिनी, पोरगी चड्डीवर पळते, चालतं होय तुम्हाला?" एकदा अंधार पडल्यावर आली तर माझा जीव टांगणीला. त्यात दहावी जवळ आली. जूनमध्ये मी सांगून टाकलं, आता बास. ती रडली नाही, भांडली नाही. बूट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. तेवढंच.

मी जिंकले असं मला वाटलं. दहावीला मार्कही चांगले पडले.

मग जानेवारी २०२२ उजाडला. महिलांचा फुटबॉल आशिया चषक भारतात भरला होता, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मैदान आणि पुण्याचं बालेवाडी. कोरोनाची तिसरी लाट होती. लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, घरी बसून मोबाइलवर कॉलेज. २० जानेवारीला संध्याकाळी तिनं टीव्ही लावला. भारत विरुद्ध इराण. मी भाजी निवडायला तिथंच बसले.

तिनं मला सगळं समजावून सांगितलं. बारा संघ, चारचारांचे तीन गट. आपल्या गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढं जाणार, शिवाय तिसऱ्या नंबरच्या तीन संघांतले चांगले दोन. म्हणजे बारातले आठ! आणि तिथून २०२३ च्या विश्वचषकाची वाट निघणार होती. आशियातल्या पाच संघांना सरळ प्रवेश, आणखी दोघांना शेवटची एक संधी. भारताच्या महिला संघानं फुटबॉलचा विश्वचषक कधी खेळलेला नाही. "आई, इतकी जवळची संधी पुन्हा कधी येईल सांग," लेक म्हणाली. इराणला हरवायचं, तैपेईशी झुंज द्यायची, चीनकडून फार मार खायचा नाही. एवढं जमलं की झालं. हिशेब अगदी किराणा मालाच्या यादीसारखा सोपा वाटत होता.

इराणविरुद्ध आपल्या मुली चांगल्या खेळल्या. गोल मात्र होईना. इराणची गोलरक्षक काही चेंडू आत जाऊ देईना. ०-० अशी बरोबरी. हळहळलो. पण दोन सामने बाकी होते. २३ तारखेला तैपेई आणि २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाला, चीन.

ते सामने झालेच नाहीत. २३ तारखेला कळलं की संघातल्या डझनभर मुलींना कोरोनाची लागण झालीय. नियमाप्रमाणे मैदानात उतरायला किमान तेरा खेळाडू लागतात, तेवढ्या उभ्या करता येईनात. भारतानं माघार घेतली असं नियमानं ठरलं. इराणबरोबरची ती बरोबरीही हिशेबातून गेली. आपल्याच अंगणात मांडव घातला, पाहुणे जेवून गेले आणि घरचेच उपाशी राहिले, असं झालं.

६ फेब्रुवारीला अंतिम सामना झाला. तुम्हाला तो आठवणार नाही, कारण त्या दिवशी लतादीदी गेल्या. अख्खा महाराष्ट्र शिवाजी पार्ककडे डोळे लावून बसला होता. त्याच संध्याकाळी तिकडं नेरुळला चीननं दोन गोलांनी मागं पडूनही कोरियाला ३-२ नं हरवलं.

पण मला जी आठवण बोचते ती २३ तारखेच्या रात्रीची. टीव्ही बंद करून लेक म्हणाली, "आई, मी काही त्या संघात गेले असते असं नाही. पण मी खेळले असते ना?" आवाजात तक्रार नव्हती. म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. लेकीला न सांगता. वाचताना पहिला धक्का बसला तो हा की, आपण या खेळात नेहमीच मागं नव्हतो! १९८० साली केरळात कोझिकोडला महिलांचा आशिया चषक झाला, तेव्हा भारताचा संघ अंतिम फेरीत पोचला होता. उपविजेता. १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेता. त्या काळातल्या शांती मलिक यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि आज ज्याच्या नावानं सगळे कापतात त्या जपाननं आपला पहिला राष्ट्रीय महिला संघ उभा केला तोच मुळी १९८१ साली! म्हणजे आपण मॅट्रिकला होतो तेव्हा ते बालवाडीत. १९९१ च्या पहिल्या विश्वचषकात स्वीडननं जपानला ८-० असं धुतलं होतं. तोच जपान २०११ साली विश्वविजेता झाला.

मधल्या काळात काय झालं? जपाननं १९८९ साली मुलींसाठी देशभरातली लीग सुरू केली. लीग म्हणजे वर्षभर ठरलेले सामने, ठरलेले क्लब. पोरीला कळतं की शनिवारी खेळायचंय, पुढच्या शनिवारीही खेळायचंय. आपल्याकडं महिलांची अशी राष्ट्रीय लीग सुरू झाली २०१६-१७ मध्ये. सत्तावीस वर्षं! तेवढ्यात एक मुलगी जन्मून, शिकून, लग्न होऊन आई होते.

आपल्याकडं राष्ट्रीय स्पर्धा होती, नाही असं नाही. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा करंडक कुणाच्या नावानं आहे, ठाऊक आहे? राजमाता जिजाबाई करंडक! वाचून मला भरून आलं आणि लाजही वाटली. जिजाऊंचं नाव आपलं, आणि तो करंडक सर्वांत जास्त वेळा नेला मणिपूरच्या मुलींनी. तिथल्या ओइनाम बेमबेम देवीला २०२० साली पद्मश्री मिळाली. लहानपणी मुलांच्या संघात घ्यावं म्हणून ती म्हणे मुलाचं नाव सांगून खेळायची. मणिपूरमध्ये गावोगावी क्लब आहेत, मैदानं आहेत. इंफाळचा मोठा बाजार तर बायकाच चालवतात. बाई घराबाहेर दिसली म्हणून तिथं कुणाची मान वळत नाही. मैदानावर दिसली तरी नाही.

आता आनंदाची गोष्ट. २०२२ साली यजमान म्हणून आपल्याला आयतं ताट मिळालं होतं, ते हातचं गेलं. पण २०२५ च्या जून-जुलैत आपल्या मुलींनी स्वतः चूल पेटवली. थायलंडमध्ये चिआंग माई गावी पात्रता सामने होते. गटात पाच संघ, पुढं जाणार फक्त एक. मंगोलियाला १३-० नं हरवलं, त्यात ओडिशाच्या प्यारी खाकाचे पाच गोल. तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. इकडं थायलंडही तसाच जिंकत आलेला. शेवटच्या सामन्याआधी दोघांचे गुण सारखे आणि गोलांचा फरकही सारखा. ५ जुलैला समोरासमोर. थायलंड क्रमवारीत ४६वा, आपण ७०वे. त्यांनी दोन विश्वचषक खेळलेले, आपण एकही नाही. आणि मैदान त्यांचं.

आपण २-१ नं जिंकलो! दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. पात्रता फेरीतून आशिया चषकात जायची ही भारतीय महिला संघाची पहिलीच वेळ. रात्री लेकीचा पुण्याहून फोन. नुसती ओरडत होती. मीही ओरडले. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, "काय झालं गं, कोण आजारी आहे का?"

ती स्पर्धा मार्च २०२६ ची, ऑस्ट्रेलियातली. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले. गट बघूनच कळत होतं की हे सोपं काम नव्हे. जपानचं तर सांगितलंच. व्हिएतनामही २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला. त्या एकेका सामन्याची चिरफाड खेळाच्या पानावरची माणसं माझ्यापेक्षा बरी करतील. मला म्हणायचंय ते वेगळंच. एखाद्या स्पर्धेत संघ कुठवर जाईल, हे स्पर्धेच्या पंधरा दिवसांत ठरत नसतं. ते दहा-बारा वर्षं आधी ठरलेलं असतं. २०३५ साली जी बावीस वर्षांची असेल ती मुलगी आज सातवी-आठवीच्या आसपास आहे. ती आज संध्याकाळी साडेपाचला कुठं आहे, यावर २०३५ चा भारतीय संघ ठरणार.

क्रिकेटचंच बघा. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपण कुणीच विसरणार नाही. हरमनप्रीतच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेही त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर! जिथं २०२२ साली फुटबॉलच्या मुलींचं स्वप्न अर्ध्यावर राहिलं त्याच मैदानावर. आमच्या गल्लीत फटाके वाजले. आपल्या सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा. पण त्याआधी २००५ ची अंतिम फेरी हरलो होतो, २०१७ ची हरलो होतो. हरल्यावरही गावोगावच्या मुली बॅट घेऊन मैदानात जात राहिल्या, म्हणून २०२५ आलं. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे भारताकडून खेळली ती काही आकाशातून पडून नव्हे.

आणि आपल्या भागातल्या मुली पळण्यात कमी आहेत असं तर कुणी म्हणूच नये. खो-खो आपल्या मातीतला. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी जिंकला. खो-खोची मुलगी जागच्या जागी वळते, हुलकावणी देते, क्षणात दिशा बदलते. फुटबॉलला दुसरं काय लागतं? पायात बॉल, एवढाच फरक!

मग अडतं कुठं? मी स्वतःच्या घरापासून सुरुवात करते. माझ्या लेकीचा खेळ कुठल्या सरकारनं थांबवला नाही, फेडरेशननं थांबवला नाही. मी थांबवला. तीन कारणांनी. लोक काय म्हणतील, अंधार पडतो आणि दहावी. ही तिन्ही कारणं खोटी नव्हती. काळजी खरीच असते. पण त्या काळजीवर दुसरा उपाय असू शकतो, हा विचारच मी केला नाही. "बास" म्हणणं सगळ्यांत सोपं होतं.

दहावीचं घ्या. सहा महिन्यांचा खेळ बंद करून माझ्या लेकीचे किती मार्क वाढले? देव जाणे. उलट राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे तर खेळाडूंना नोकरी देण्यात जुनी. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉलमध्ये रेल्वेचा संघ मातब्बर समजला जातो. आपण तर जंक्शनवरची माणसं, रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. थायलंडला दोन गोल मारणारी संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे, तीही खेळाच्या जोरावर.

दुसरी गोष्ट ताटाची. ही मात्र आपल्याच हातात. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं की देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. दहातल्या सहा! रक्त कमी म्हणजे दम लागणार, पोटऱ्या दुखणार, तासाभरात डोळ्यांपुढं अंधारी. आणि आपण म्हणणार, "नाजूक आहे गं, झेपत नाही तिला." अकरा मुलींचा संघ नव्वद मिनिटं पळायचा तर आधी ताटात काहीतरी हवं. बाजरीची भाकरी, मेथी-चवळीची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा लाडू, हळीव, जमत असेल तर अंडं. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि भाऊ-बहीण एका पंगतीला बसू देत. दुधाचा मोठा पेला कुणापुढं जातो ते एकदा लक्ष देऊन बघा. माझ्याच घरी मी हा प्रयोग केला होता. निकाल सांगत नाही.

तिसरी गोष्ट त्या चार दिवसांची. सातवी-आठवीत मुली खेळ सोडतात त्याचं हे एक मोठं कारण, आणि त्याबद्दल सगळे गप्प. मैदानाजवळ मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसतं. डाग पडेल म्हणून मुलगी "पोटात दुखतंय" सांगून घरी थांबते. महिन्यातले चार दिवस गेले की संघातली जागा जाते, मग गोडीही जाते. लेकीला हे सांगायचं काम आईचं की, बरं वाटत असेल तर या दिवसांतही खेळता येतं. फार त्रास होत असेल तर डॉक्टर बाईंकडे जायचं, लपवायचं नाही. आणि शाळेच्या पालक सभेत हात वर करून विचारायचं कामही आपलंच, "सर, मुलींच्या संडासाला पाणी आहे का? दाराला कडी आहे का?" मार्कांबद्दल तर सगळेच विचारतात.

कपड्यांचंही सांगते. आखूड चड्डीची लाज वाटत असेल तर गुडघ्यापर्यंतची घ्या, आत लांब तंग पँट घाला. कितीतरी मोठमोठ्या खेळाडू तशा खेळतात. इराणच्या मुली तर डोक्यावरचं वस्त्र बांधून खेळल्या आणि आपल्याला गोल करू दिला नाही! कपड्यावाचून खेळ अडत नाही, आपल्या मनावाचून अडतो. बूट मात्र नीट हवेत. तळ निघालेल्या बुटानं पाय मुरगळतो, गुडघा जातो. आणि वळण्या-उड्या मारण्याच्या खेळात मुलींच्या गुडघ्याला मुलांपेक्षा जास्त जपावं लागतं. म्हणून खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग मोकळं करण्याचा व्यायाम, हा नियमच.

"पण काकू, आपल्या कुर्डुवाडीतून कोण जाणार हो भारताच्या संघात?" असं तुम्ही म्हणाल. कदाचित कुणीच नाही जाणार. मी खोटी आशा लावत नाही. हजारो मुली खेळतात तेव्हा कुठं एक निळी जर्सी घालते. पण त्या हजारो खेळल्याच नाहीत तर ती एक येणार कुठून? एकटी मुलगी सराव कुणाबरोबर करणार? संघाला तेवीस लागतात, पण त्या तेवीसजणींना घडवायला गावागावांतल्या अशा असंख्य मुली लागतात, ज्या कधीच टीव्हीवर दिसणार नाहीत. आपल्या लेकी त्यांतल्या असल्या तरी पुष्कळ झालं. शिवाय त्यांच्या पायात बळ येईल, हरून घरी येऊन जेवायची सवय लागेल, ती वेगळीच.

आमच्या सासूबाई बार्शी लाइटच्या गोष्टी सांगायच्या. छोटीशी गाडी, अरुंद रूळ. वारीच्या दिवसांत टपावरसुद्धा माणसं. लोक म्हणायचे, या रुळावरून मोठी गाडी कधी जायची नाही. खरंच होतं ते, त्या रुळावरून नसतीच गेली. मग रूळ रुंद केले, आणि आज त्याच वाटेनं लातूर, पंढरपूर, मिरजेकडं मोठ्या गाड्या धावतात. माणसं तीच होती, गावं तीच होती. बदलली ती फक्त दोन रुळांमधली जागा. मुलींच्या खेळाचंही मला तसंच वाटतं.

तर शेजारच्या सूनबाईला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हणाले, "हे बघ, मी माझ्या पोरीला थांबवलं त्याचं कौतुक करू नकोस. चुकलंच माझं ते." ती बघतच राहिली. आपल्याकडं मोठ्या बाया चुकलं असं म्हणत नाहीत ना! मग मी म्हणाले, "अंधाराची भीती वाटते ना तुला? मलाही वाटायची. मग आपण जाऊन बसू की तिथं. नाहीतरी मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय."

त्या दिवसापासून आम्ही दोघी संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर जाऊन बसतो. ती शेंगा फोडते, मी लोकरीचं विणकाम नेते. आठवड्याभरात आणखी दोघी आल्या. आता वार वाटून घेतलेत. सोमवारी-मंगळवारी या, बुधवारी-गुरुवारी त्या. आम्ही बसायला लागल्यापासून मैदानावर मुली तीनच्या सात झाल्यात. पोरंही आपोआप नीट वागतात. परवा त्यांच्यातलाच एकजण येऊन म्हणाला, "आजी, बायकांची टीम आमच्यापेक्षा भारी पास देते." म्हटलं, खुळ्या, टीम म्हण नुसतं.

बूट? कपाटाच्या वरच्या फळीवरचे काढले. आठ वर्षांत कडक झाले होते. तेल लावून मऊ केले, पण त्या पोरीला मोठे होतात. लेकीला फोन करून सांगितलं, तर क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तिला नवीन घे. पैसे मी पाठवते. आणि माझे तसेच ठेव, दिवाळीला येते तेव्हा मी घालीन." पुण्यात ती रविवारी मैत्रिणींबरोबर खेळते, हे तिनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. भीत होती म्हणे, मी रागवेन म्हणून!

मैत्रिणींनो, भारताच्या मुली पुढच्या आशिया चषकात काय करतील, विश्वचषकाचं दार कधी उघडेल, हे मला सांगता येणार नाही. तेवढी माझी अक्कल नाही. पण तुमच्या गावात साडेपाच ते सात या वेळेत मैदानावर किती मुली असतात, एवढं तुम्ही आज संध्याकाळी मोजून बघा. आणि एकही दिसली नाही, तर उद्या तुम्हीच जाऊन पायरीवर बसा. येतील त्या.